पाठीवरची उघडी जागा

"हा नको, मऊ टॉवेल दे!"

धाकट्या भावाने जुना टॉवेल आक्कांच्या हातात कोंबला. कुत्रीचं नुकतंच जन्मलेलं चौथं पिल्लू त्या नेहमीसारखंच पुसायला लागल्या आणि पाठीवर येताच त्यांचा अंगठा थबकला. खांद्यांच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढी लालभडक, ओली जागा होती. खरचटलेलं नव्हतं. तिथे कातडीच नव्हती.

"आईचा दात लागला असेल," भाऊ म्हणाला.

"आईनं अजून वळूनसुद्धा पाहिलं नाही त्याच्याकडे."

आक्कांनी बत्तीस वर्षं प्रसूतिगृहात आया म्हणून काढली होती. किती बाळं पुसली, त्याची गणती नव्हती. निवृत्तीनंतर घरात त्या आणि पाट्या रंगवणारा, बिनलग्नाचा भाऊ, एवढेच राहिले. मग आखूड पायांची, लांब कानांची तांबूस कुत्री आली, तिच्या जोडीला नर आला आणि घर पुन्हा हलतं झालं. आक्कांकडचं पिल्लू म्हणजे डोळे मिटून घ्यावं, असं लोक म्हणत. तो शब्द त्यांना पेन्शनपेक्षा प्रिय होता.

तासाभरात जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पिल्लू उजेडात धरलं.

"पोटातच कातडी तयार झाली नाही, आक्का. जागा लहान आहे, कडेनं भरून येईल. पण ती सुकू द्यायची नाही, घाण होऊ द्यायची नाही, आणि आईला चाटू द्यायचं नाही. पू झाला तर खेळ खलास." मग त्यांनी विचारलं, "नर आणि मादीचं आपसात नातं काय?"

"मावस भावंडं," आक्का हळूच म्हणाल्या. "दोघांचे कान सुंदर होते हो. मीच जोडी लावली."

"हे बहुधा रक्तातून आलंय. दोघांकडूनही. ही जोडी पुन्हा लावू नका. नराला दुसरीकडेही देऊ नका."

त्या गेल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. चार पिल्लांपैकी एक दगावलं, एवढंच सांगायचं."

"अरे, ते जिवंत आहे!"

"आज आहे."

त्यानंतर आक्कांचा जीव टांगणीला लागला. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, मलम लावलेली न चिकटणारी जाळीदार पट्टी ठेवायची, आणि वरून लहान बाळाच्या पायमोज्याची टाचेकडची बाजू कापून केलेलं झबलं चढवायचं. पिल्लू दूध पीत असताना आईचं तोंड हाताने बाजूला धरून बसायचं. ती बिचारी आक्कांचाच हात चाटायची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन. तीन दिवस ते गुंजभर का होईना, वाढत गेलं. चौथ्या दिवशी घटलं. आक्कांनी काटा पुसून पुन्हा ठेवलं, तरी तेवढंच.

सहाव्या दिवशी पट्टी काढताच वास आला. प्रसूतिगृहात त्या वासाला सगळे घाबरत. आक्कांनी चिमटा खाली ठेवला.

"डॉक्टरीणबाईंना फोन लाव," त्या भावाला म्हणाल्या.

"ताई, सोड ना आता. त्याचे हाल, तुझे हाल."

"फोन लाव म्हणते ना!"

त्याने लावला. औषधाचे थेंब सुरू झाले. दोन दिवस पिल्लू नुसतं धुगधुगत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने आक्कांचं बोट इतक्या जोरात चोखलं की त्या रडता रडता म्हणाल्या, "हावरट मेला!" जखमेच्या कडेला गुलाबी रेघ आत सरकू लागली होती. पाचव्या आठवड्यात तिथे चकचकीत, बिनकेसांचा व्रण तेवढा उरला.

सहाव्या आठवड्यात श्वानपालक संघाचे तपासनीस पिल्लांची नोंद करायला आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकेक पिल्लू उचललं. चौथ्यापाशी थांबले.

"हे काय झालं?"

"आईचा दात लागला," भाऊ झटकन म्हणाला.

"होतं असं कधीकधी." त्यांनी पेन टेकवलं.

याच जोडीची गेल्या वर्षीची पाच पिल्लं पाच घरी होती. पलीकडच्या गल्लीतले पोस्टमास्तर पुढच्याच आठवड्यात आपली मादी नराकडे घेऊन येणार होते, आणि ती या नराच्या सख्ख्या मावशीची लेक. गप्प बसायला काहीच करावं लागणार नव्हतं.

"दात नाही लागला," त्या म्हणाल्या. "जन्मतःच कातडी नव्हती तिथं. रक्तातलं आहे. तसंच लिहा."

तपासनिसांनी चष्मा खाली घेतला. "आक्का, मग आईबाप दोघं पैदाशीतून बाद होतील. तुमच्याकडे दुसरी जोडी आहे?"

"नाही."

"लिहू?"

"लिहा."

भाऊ उठून बाहेर गेला. त्या दुपारी आक्कांनी पोस्टमास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "आमच्या कुत्रीच्या पहिल्या वेतात एक पिल्लू असंच होतं. आम्ही कुणाला बोललो नाही." आणि फोन ठेवला. उरलेले फोन, गेल्या वर्षीच्या पिल्लांच्या पाचही घरी, आक्कांनी उभ्यानेच केले. एका बाईने तोंडाला येईल ते सुनावलं. आक्कांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

भाऊ आठवडाभर कामापुरतंच बोलत होता. नराची नसबंदीची शस्त्रक्रिया करून आणली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणातून ठोकाठोक ऐकू आली. आक्का दारात गेल्या. नर आणि मादी एरवी जवळ येऊ नयेत म्हणून त्यांच्या खोपट्यांमध्ये लावलेली तारेची जाळी तो सोडवत होता. एकेक खिळा उपसून, दगडावर सरळ करून, डब्यात टाकत होता.

"चहा ठेवू?" आक्कांनी विचारलं.

"ठेव," तो मान वर न करता म्हणाला. "आणि ते खालचं टोक जरा धर. कुणाला लागायला नको."

आक्कांनी पदर खोचला आणि खाली बसून जाळीचं टोक दोन्ही हातांनी धरलं.