ऐकणारीचा पाट

“काकू, उद्या वाचता वाचता मधातच थांबजा,” रंजीता म्हणाली.

देवळामागच्या हातपंपावर आम्ही दोघीच होतो. ती पंप मारत नव्हती, नुसता दांडा धरून उभी होती. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून जवळ सरकली होती खरी, पण राग एवढा होता की आवाज आवरत नव्हता.

“पोथी मधात थांबवत नाईत, बाई,” मी म्हटलं.

“मले का मालूम नाई? पन खोट कुठी हाय ते तर समजन. आमचा पुंजणा गेला ना, काकू. दिनेश सकाळपासून बांधीत बसून हाय. घासभर भात नाई खाल्ला त्यानं.”

आदल्या रात्री हत्ती रंजीता आणि तिचा नवरा दिनेश यांच्या शेतात शिरले होते. कापून रचून ठेवलेल्या धानाचा पुंजणा त्यांनी उस्कटला, खाल्ला, उरलेला तुडवला. वर्षाचं धान. आणि गावात बाबांच्या पोथीचा सप्ताह चालू होता तो याचसाठी, की मळणी होईपर्यंत कळपाने धानाच्या बांध्यांकडे फिरकू नये. सप्ताह चालू असताना पुंजणा गेला म्हणजे वाचनात काही चुकलं, असं बायका सकाळपासून कुजबुजत होत्या. वाचणारी मी. पण माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. बोट गेलं ते माझ्यासमोर पाटावर बसून ऐकणाऱ्या बायनाबाईकडे.

“थे ऐकतच नाई, काकू. बहिरी झाली थे. अध्याय सरला का तुम्ही हात जोडता, तवा थे म्हनते, ऐकली बाबा. बाबाच्या पोथीवर बसून रोज लबाडी!”

“असं बोलू नको.”

“मंग पाहा ना. मी खांबाले टेकून बसतो. डोक्यावरचा पदर सारखा केला का तुम्ही थांबा. ऐकत असन तर वर पाहीन. नाई पाह्यलं, तर मी सगळ्यायसमोर तिले पाटावरून उठवीन. आन तुम्ही नाई थांबल्या, तरी उठवीन.”

ती बादली अर्धीच भरून निघून गेली.

आमच्याकडे पोथी वाचायची रीत अशी आहे की वाचणारीच्या समोर पाट मांडून एक ऐकणारी बसवतात. बाकीच्या बायका मागे. अध्याय संपला की ऐकणारीने “ऐकली, बाबा” म्हणायचं आणि मगच पुढचं पान उलटायचं. ऐकणाऱ्याशिवाय वाचलेलं बाबांपर्यंत पोचत नाही, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. मी गुरुवारी अळणी जेवते, पोथीचं पान डोळ्यांखालून गेल्याशिवाय चहा घेत नाही. पण वाचणं सोपं. तासन्‌तास मांडी न मोडता, पेंग येऊ न देता ऐकत बसणं अवघड.

बायनाबाईला ते जमायचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकायची, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची. देवळात यायची ती चपलांपाशी, दाराजवळ बसायची. आधीची ऐकणारी वारली तेव्हा मीच तिला पाटावर बसवलं, कारण सगळ्या पेंगल्या तरी दाराजवळचे हिचे डोळे उघडे असायचे. पोथी संपल्यावर बायका आधी पोथीच्या पाया पडतात, मग ऐकणारीच्या. ज्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलवत नसत, त्या तिच्यापुढे वाकू लागल्या. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा ती पाय आत ओढून घेत होती.

तिला ऐकू येत नाही, हे मलाही ठाऊक होतं. दरसाल भोंगा असायचा. भोंग्याचा डबा पाटाशेजारच्या खांबालाच टांगलेला, तेव्हा कळलं नाही. यंदा जंगल खात्याची माणसं येऊन सांगून गेली होती, की कळप जवळ आहे, भोंगा लावू नका, दिवा बाहेर दिसू देऊ नका. म्हणून आम्ही खिडक्यांना बारदाना लावून, दार ओढून, हळू आवाजात वाचत होतो. पहिल्याच दिवशी तिला मागून दोनदा हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. तेव्हापासून तिचं प्रत्येक “ऐकली, बाबा” माझ्या छातीत रुतत होतं. खरं काय ते मी कुणाला सांगितलं नाही, तिलाही विचारलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. ती सुपात तांदूळ पाखडत होती. मी समोर जाऊन बसले तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

“आज बरं नाई म्हून सांग,” मी म्हटलं. “घरीच राह्य.”

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. “काऊन? मी तं टणटणीत हाय. शेवटच्या दिशी ऐकनारी नाई बसली तं पोथी कोनाले सांगसान?”

“रंजीता...” एवढंच म्हणून मी थांबले.

“रंजीताचा पुंजणा गेला. लय वाईट झालं,” ती म्हणाली आणि सूप उचललं. “मी येतो, बाई. तुम्ही जा.”

दिवस मावळायच्या बेताला आम्ही बसलो. शेवटचा अध्याय बाकी होता. आमचे हे सकाळीच गावच्या तळ्याच्या, बोडीच्या काठच्या शेतावर मचाणीवर जाऊन बसले होते. रात्री शेतात थांबू नका असं जंगल खात्याने सांगून झालं होतं, पण सगळं गाव यांना मुखरूभाऊ म्हणतं, ते ऐकतील कसले! आमचाही पुंजणा तिथेच होता.

चौरंगावर पोथी, पोथीपुढे निरांजन, निरांजनापलीकडे पाटावर बायनाबाई. खिडक्या बंद, वाऱ्याची झुळूक नाही. रंजीता खांबाला टेकून बसली होती. शेवटच्या अध्यायात बाबा मौन धरतात. बोलत नाहीत, तरी गावोगावचे लोक येऊन त्यांच्यापुढे बसतात, बसून परत जातात, आणि घरी जाऊन सांगतात, बाबा आमच्याशी बोलले. हा भाग मला पाठ आहे. त्या दिवशी मात्र अक्षरं डोळ्यांपुढे नाचत होती. मी ओळ वाचत होते आणि कान रंजीताच्या बांगड्यांकडे होते.

बांगड्या वाजल्या. तिने पदर सारखा केला.

मी आणखी एक ओळ वाचली. मग रंजीता गुडघ्यावर हात टेकून उठू लागली. आता ही सगळ्यांसमोर बोलणार. मी थांबले. बाबांची क्षमा मागितली, मनातल्या मनात, आणि ओठ मिटून घेतले.

देवळात काही हललं नाही. बायनाबाईची नजर खाली होती, निरांजनावर. मीही तिकडे पाहिलं. इतका वेळ थरथरत असलेली ज्योत सरळ उभी राहिली होती.

बायनाबाईने मान वर केली.

“काऊन थांबल्या, बाई? घसा सुकला का?”

ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. रंजीता होती तशी खाली बसली. मी तांब्यातलं पाणी प्यायले आणि वाचायला लागले. ज्योत पुन्हा थरथरू लागली, माझ्या श्वासाने. म्हणजे सहा दिवस ही माझी पोथी अशी ऐकत होती. एकदाही नजर न हलवता.

थोडंसंच वाचून झालं असेल, दाराची कडी हळू वाजली. निकेश होता. तो जंगल खात्यात वनमजूर, कळपाच्या मागावर फिरणारा.

“दिवा शांत करा,” तो दाराच्या फटीतून म्हणाला. “बोडीवर आले. इकडंच सरकून राह्यले. बाहेर कोनी निंगू नका. आन आवाज बिलकूल नाई.”

“मुखरूभाऊ?” मागून कुणीतरी विचारलं.

“मचाणीवरच हायत. उतरू नका म्हून सांगतलं.”

तो गेला.

“पोथी उद्या करू,” एकजण म्हणाली.

“सप्ताह मोडते ना मंग,” दुसरी रडवेली झाली.

रंजीता गुडघ्यांवर सरकत माझ्या शेजारी आली. तिचा आवाज आता निराळाच होता. “काकू, तुम्हाले पाठ हाय ना? सांगा. हळू सांगा. सोडू नका.”

दिवा फुंकत नाहीत. मी झेंडूचं फूल घेऊन ज्योतीवर टेकवलं. काळोख झाला.

मी कुजबुजत सांगू लागले. बाहेर बांबू मोडल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग जमिनीतून घरघर आल्यासारखं वाटलं, मांडीला फरशीतून जाणवेल एवढंच. कुणाचं तरी लेकरू हुंदकलं, आईने छातीशी दाबलं.

चौरंगावरून एक हात चाचपडत आला आणि माझ्या मनगटावर थांबला. बोटं खरबरीत, चिखलाने फाटलेली. दिवा नव्हता. तिला आता काहीच ऐकू येत नव्हतं.

मी तो हात उचलला आणि माझ्या गळ्यावर ठेवला.

शब्द थांबवले नाहीत. तिची बोटं गळ्यावर स्थिर झाली. मी बाबांचं मौन सांगत होते, त्यांचं शेवटचं दर्शन सांगत होते, आणि ते सगळं तिच्या बोटांखालून जात होतं. शेवटची ओळ झाली. मी गप्प झाले.

तेव्हा लक्षात आलं, आता ती बोलणार. तिचं “ऐकली, बाबा” नेहमी खणखणीत असायचं. आपला आवाज किती मोठा, हे तिला कळत नव्हतं. देवळामागच्या कुडाशी काहीतरी घासत होतं. तिचं तोंड धरावं, तर पोथी अपुरी राहते. न धरावं, तर आत एवढ्या बायका, एवढी लेकरं.

माझ्या गळ्यावरचा हात निघाला. काळोखात तिच्या लुगड्याची सळसळ तिच्याच गळ्याशी ऐकू आली. आपल्या गळ्यावर बोटं ठेवून, मापून, ती बोलली. मला आणि शेजारच्या रंजीतालाच ऐकू येईल एवढ्या हळू.

“पोचली, बाबा.”

ऐकली म्हणाली नाही.

कूड घासणं बरंच चाललं, मग थांबलं. आम्ही उजाडेपर्यंत बसून राहिलो.

आमचे हे सकाळी आले ते चहा मागतच. कळप मचाणीखालून गेला होता. आमचा अर्धा पुंजणा खाऊन गेला होता. बायका पाहायला जमल्या. उस्कटलेल्या धानापाशी रंजीता माझ्याजवळ उभी राहिली. बराच वेळ पायाने लोंब्या गोळा करत होती.

“आता कोनाची खोट काढाची, काकू?”

“त्यायले भूक लागली व्हती,” मी म्हटलं.

ती हसली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. देवळातलं तिने कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

पुढच्या गुरुवारी मी पोथी घेऊन गेले, तर पाट रिकामा. बायनाबाई दाराजवळ, चपलांपाशी बसलेली. मी तिच्यासमोर जाऊन वाकले.

“उठ. पाट मोकळा हाय.”

“नाई, बाई.”

“कोनी काई म्हटलं का?”

“कोनी नाई. त्या दिशी बाबासमोर माह्या तोंडून खरं निंगालं. आता परत ऐकली कशी म्हनू?” तिने लुगड्याचा काठ पायांवर ओढून घेतला. “दुसरी बसवा. रंजीता बसन.”

“मी नाई बसत,” मागून रंजीता म्हणाली. “त्या पाटावर मी नाई बसत.”

कुणीच बसलं नाही. रंजीताने निरांजन लावलं. लावून झाल्यावर ते नेहमीच्या जागी न ठेवता चौरंगाच्या कडेला, दारातून दिसेल असं सरकवलं. मी वाचायला सुरुवात केली. अध्याय संपला. मी हात जोडले नाहीत. नुसती थांबले. समोर रिकामा पाट होता आणि पान उलटायला माझा हात उठेना. बायका वाट पाहत होत्या. ज्योत सरळ झाली.

मी दाराकडे पाहिलं. चपलांपाशी बसलेल्या बायनाबाईने गळ्यावर बोटं ठेवली. तिचे ओठ हलले. आवाज माझ्यापर्यंत आला नाही.

मी पान उलटलं.