आवाज माझ्या नावावर

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. लहान मुलांची खाट, हे आधीच सांगून ठेवते, कारण माझी लांबी पाहून पुष्कळजण मला बाकडं समजतात आणि बसतात. माझ्या दोन्ही बाजूंना वर-खाली सरकणारे कठडे आहेत. उशाकडच्या पत्र्यावर एक पोपट रंगवला होता. आता त्याची चोच आणि थोडी शेपटी उरली आहे. मधला पोपट तुम्ही मनाने भरून घ्यायचा.

माझा जन्म कुर्ल्याच्या एका कारखान्यात झाला, पण शहाणी मी झाले ती शहरातल्या मुलांच्या इस्पितळात. तिथे सगळंच मुलांच्या मापाचं होतं. खिडक्या खाली, नळ खाली, आणि डॉक्टरसुद्धा वाकून खाली आलेले. पोटाला हात लावण्याआधी ते तळवे एकमेकांवर घासून गरम करत. आधी उशीचं पोट तपासत, मग बाहुलीचं. तोवर मूल स्वतःच सदरा वर करून आपल्या पाळीची वाट बघत असे.

तिथे उत्तरा नावाची एक शिकाऊ डॉक्टर होती. माझ्या कठड्यावर कोपर टेकून चणे खायची तिला सवय. पोटाचं ऑपरेशन झालं की आतडी काही काळ झोपतात. ती जागी झाली की पोटातला वारा बाहेर पडतो, आणि तो पडल्याशिवाय पेशंटला पाणीही देत नाहीत. ही उत्तरा प्रत्येक मुलाला विचारायची, "काय रे, भोंगा झाला का?" गिरणगावातली पोरं ती. गिरणीचा भोंगा म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नसे. "झाला, झाला," म्हणून ती ओरडत, आणि शेजारच्या खाटेवरचा म्हणे, "माझा मोठा होता." वाऱ्याची एवढी प्रतिष्ठा मी पुढे कुठेच पाहिली नाही.

मग तिथे नव्या खाटा आल्या. पांढऱ्या, गुळगुळीत, चाकांच्या. आम्हा जुन्यांना ज्याला हव्या त्याला देऊन टाकलं, आणि मी एका टेंपोत आडवी पडून बोरीवलीला आले.

हे साधं, सगळ्यांचं इस्पितळ. वॉर्डात मोठी माणसं आणि मुलांची खाट म्हणून मी एकटी. मूल क्वचितच यायचं. एरवी माझ्यावर धुतलेल्या चादरी, कुणाचे डबे, आणि भाऊराव नावाच्या हर्नियावाल्या आजोबांची कवळी. मला राग नव्हता. पण दुपारी वॉर्ड झोपला की मला त्या खालच्या खिडक्या आठवत. चणे खाण्याचा आवाज आठवे. आणि मी उगाच करकरत असे. माझ्या डाव्या कठड्याला ती खोड होतीच.

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल असावं. तेव्हा क्षमा आली. तिसरीतली मुलगी, दोन वेण्या, पाय पोटाशी घेतलेले. तिचे वडील गुणाजी मालवणकडचे. गिरणी संपात बंद पडल्यापासून ते नॅशनल पार्कच्या बाजूला एका सोसायटीत वॉचमन होते. आई सुनंदाने पोरीच्या बेंबीवर हिंगाचा लेप लावून पाहिला होता, ओवा चावायला देऊन झाला होता. इथल्या सर्जनांनी, श्यामकांत डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "अपेंडिक्स आहे. लगेच काढायला हवं."

सुनंदा म्हणाली, "आमच्या चाळीतल्या वनमालाच्या मुलाला मुलांच्या इस्पितळात नेलेलं. टाका दिसत पण नाही त्याचा."

"टाको बघतंस की पोर बघतंस गो?" गुणाजी म्हणाले. "तिकडे जाईसर फुटला तर?"

क्षमाचं ऑपरेशन बोरीवलीतच झालं, आणि छान झालं. अपेंडिक्स फुटण्याच्या बेतात होतं पण फुटलं नव्हतं. श्यामकांत डॉक्टरांचा हात साफ होता, हे मी दोन्ही इस्पितळं पाहिलेली खाट म्हणून सांगते. पंचाईत झाली ती नंतर.

"वायू सरला का?" ते सकाळ-संध्याकाळ विचारत. क्षमा त्यांच्याकडे पाही आणि मान हलवी. नाही. एकदा त्यांनी इंग्रजीत विचारलं. तेव्हाही नाही.

आता खरी गोष्ट ऐका. वायू सरला होता. माझ्यावरच सरला होता. पण सुनंदाने येतानाच बजावलं होतं, "इस्पितळात नीट वागायचं. चारचौघांत घाण काही करायचं नाही. डॉक्टर काय म्हणतील?" एका खोलीत सहा माणसं राहणारं घर ते. तिथे पोरीला एवढंच शिकवलेलं. त्यामुळे पहिल्यांदा आवाज झाला आणि आईने विचारलं, "काय वाजलं गं?" तेव्हा क्षमा झटकन म्हणाली, "खाट करकरली."

मला इतकं बरं वाटलं, मित्रांनो. किती दिवसांनी एका मुलाने मला कामाला लावलं होतं. पुढचे दोन-तीन आवाजही तिने माझ्याच नावावर टाकले, आणि मी ते अभिमानाने मिरवले.

पण भाऊराव कुरकुरले, "सिस्टर, त्या खाटेत तेल घाला हो. डोळ्याला डोळा लागत नाही." आणि वॉर्डबॉयने माझ्या बिजागऱ्यांत भरपूर तेल ओतलं. मी गप्प झाले. अगदी शहाण्या खाटेसारखी गप्प.

झालं. क्षमाचा आडोसाच गेला. आता आवाज झाला तर कुणाच्या नावावर टाकायचा? ती सगळं आतच धरू लागली. ओठ मिटलेले, मुठी आवळलेल्या. पोट फुगलं. डॉक्टरांचा गार हात लागला की ते पाटीसारखं कडक होई. ओठांवरून सिस्टर ओला कापूस फिरवी आणि पोरगी तो चोखू बघे.

तेल घातल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी श्यामकांत डॉक्टर सुनंदा-गुणाजींना म्हणाले, "आतडी चालू होत नाहीयेत. आत पू असेल, पीळ पडला असेल, मला सांगता येत नाही. लहान मुलांचं मी रोज करत नाही. संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर मुलांच्या इस्पितळात पाठवतो. कदाचित पोट परत उघडावं लागेल."

सुनंदाने माझा कठडा इतका घट्ट धरला की रंगाचा एक पोपडा तिच्या हाताला आला.

मुलांचं इस्पितळ. मला जायचं होतं तिकडे, कितीतरी वर्षांपासून. पण खाटा पेशंटबरोबर जात नाहीत, आणि जाणार होती ती पोर. पुन्हा कापून घ्यायला, तेही विनाकारण. मी करकरायचा खूप प्रयत्न केला. तेलाने घात केला होता.

डॉक्टरांनी सिस्टरच्या टेबलावरचा काळा फोन उचलला आणि मुलांच्या इस्पितळाचा नंबर फिरवला. मला एकीकडचेच शब्द कळत होते.

"उत्तरा, मी श्यामकांत. आठ वर्षांची मुलगी आहे."

उत्तरा. मित्रांनो, रिसीव्हरमधून मुंगीएवढा आवाज येत होता, पण मी तो ओळखला. ती अजून तिथेच होती तर.

"नाही, ताप नाही. उलटी पण नाही... विचारलं की. वायू सरला का, असं... मग काय विचारायचं? ... काय? ... उत्तरा, मी सर्जन आहे, अख्खा वॉर्ड ऐकतोय... बरं. बरं, हातही गरम करतो."

त्यांनी फोन ठेवला. माझ्यापाशी येऊन बराच वेळ हात चोळले. मग घसा साफ करून विचारलं, "क्षमा, भोंगा झाला का?"

क्षमाने शांतपणे उत्तर दिलं, "भोंगा होत नाही आता. बाबांची गिरणी बंद आहे."

गुणाजी खिडकीबाहेर बघू लागले.

"गिरणीचा नाही गं. पोटातला."

तिने आईकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ती खाट करकरते."

डॉक्टरांनी माझा डावा कठडा धरून हलवला. वर केला, खाली केला. मी हूं की चूं केलं नाही. त्यांनी पुन्हा हलवला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं.

"बरीचदा करकरली का गं ही खाट?"

"हो." मग म्हणाली, "तेल घातल्यावर नाही करकरली. मी धरून ठेवलं."

"अगो बाय माझे," गुणाजी वळून म्हणाले, "सोड. सोड तो भोंगो. आमची गिरण तरी खंय चालू झाली, तुझी चालू होऊं दे."

सुनंदाने पदर तोंडाला लावला. "सोड गं," ती म्हणाली. "मी काही म्हणणार नाही."

आणि मित्रांनो, भोंगा झाला. गिरणीच्या पहिल्या पाळीचा असतो तसा लांबलचक. भाऊराव कवळीशिवाय हसले. डॉक्टरांनी गरम हाताने पोट दाबलं, ते लोण्यासारखं मऊ. नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग सिस्टरला म्हणाले, "चमच्याने पाणी द्या."

त्या चमच्याचा माझ्या कठड्याला लागून झालेला आवाज मला अजून आठवतो.

क्षमा घरी गेली. जाताना तिने पोपटाच्या चोचीवर बोट फिरवलं. श्यामकांत डॉक्टर त्यानंतर मुलांना भोंग्याचंच विचारत. अगदी लहान बाळ किंवा फुटलेलं अपेंडिक्स आलं, तर वेळ न दवडता शहरात पाठवत. बाकीची इथेच बरी होत.

आता मी जिन्याखाली आहे. कुठलं इस्पितळ चांगलं, असं मला कुणी विचारत नाही. विचारलं तर मी सांगेन, सुरी दोन्हीकडे चांगली होती. फक्त एकीकडे वाकून विचारायची रीत होती, आणि ती फोनवरून दुसरीकडे येऊ शकली. मोठे व्हाल तेव्हा आजारी मुलापाशी तेवढं वाका. त्याच्याच शब्दात विचारा.

आणि मला कधी बाहेर काढलंत, तर धूळ पुसा, पोपट रंगवा. बिजागऱ्यांना मात्र तेल घालू नका. एखादं मूल येईल. त्याला आवाज टाकायला कुणाचं तरी नाव लागेल.