गहिनीनाथची तीन रिटर्नं

जुलै महिन्यात मला कोणाचा फोन आला की 'हॅलो' म्हणायच्या आधीच मी 'झालं, झालं' म्हणतो. संगमनेरात एकवीस वर्षं लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरतोय. मुदत संपायच्या आठवड्यात तीन-चारशे माणसं एकच विचारतात, झालं का भाऊ? झालेलं असो नसो, झालं म्हणायचं, फोन ठेवायचा आणि मग सवडीनं भरायचं. माझ्या धंद्यातला कोणी म्हणत असेल की मी असं करत नाही, तर त्याला माझ्यासमोर आणा.

दुसरी गोष्ट, सरकारी पोर्टलवर गिऱ्हाइकाच्या नावापुढं आम्ही मोबाईल आणि ईमेल आमचाच टाकतो. गिऱ्हाईक शेतात असतं, टेम्पोवर असतं, ओटीपी मागत त्याच्या मागं कोण पळणार? त्यामुळं सरकार त्याला जे काही कळवतं ते माझ्या खिशात वाजतं. त्याला पत्ता नसतो.

गहिनीनाथचं असंच होतं. घारगावच्या बाजूला त्याचं वेल्डिंगचं दुकान. कांदाचाळींचं लोखंडी काम करायचा, हाताखाली दोन माणसं. दर जुलैला पिशवी घेऊन यायचा, दारापाशी बाकड्यावर बसायचा, माझी फी आधी काढून द्यायचा. पण त्याच्या पावत्या म्हणजे नुसता बट्ट्याबोळ. काही वहीच्या पानावर, काही खोक्याच्या पुठ्ठ्यावर. माझं डोकंच फिरायचं. पिशवी कपाटात टाकायचो, बघू नंतर. आठ दिवसांनी त्याचा फोन यायचा, झालं का भाऊ? झालं, झालं. अशी तीन वर्षं गेली आणि एकाही वर्षाचं रिटर्न मी भरलं नाही. 'आपण विवरणपत्र भरलेले नाही' असे मेल त्याच्या नावानं मला येत राहिले. मी ते पुसत राहिलो.

फेब्रुवारीत चंदनापुरीच्या घाटात एका कंटेनरनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. जागेवरच गेला. मी दहाव्याला गेलो नाही. काम होतं म्हणून घरी सांगितलं, पण काम काही नव्हतं.

ऑक्टोबरात त्याची बायको ज्ञानेश्वरी ऑफिसात आली. नेमकी त्याच बाकड्यावर बसली.

"भाऊ, भरपाईचा दावा टाकलाय. वकील म्हणत्यात, मागल्या तीन सालची रिटर्नं आणा. आमचे मालक म्हणायचे, दर साली भाऊंकडं भरतोय. तेवढ्या झेरॉक्स द्या."

"आणि नसली रिटर्नं, तर?"

"तर कोर्ट मजुराची कमाई धरतंय म्हणं. म्हयन्याला बारा-पंधरा हजार. ते पन्नासच्या वर कमवायचे, भाऊ. दोन पोरी हाईत मला. थोरलीचं नर्सिंग अर्ध्यात हाय, आता फी कुठून भरू?"

मी सर्व्हर बंद आहे म्हणालो. सोमवारी या म्हणालो. हेही आमचं ठरलेलं उत्तर.

ती जिना उतरली आणि मी कपाट उघडलं. तिन्ही पिशव्या होत्या तशाच होत्या. प्रत्येकीवर त्याच्या लोखंडावर खुणा करायच्या खडूनं नाव आणि साल. मागे राहिलेली रिटर्नं दंड भरून अजून भरता येतात. माणूस गेलेला असेल तर वारसानं, मृत्यूचा दाखला जोडून. तसं करायचं तर ज्ञानेश्वरीला सगळं सांगावं लागणार होतं. त्यापेक्षा त्याच्याच नावानं आत शिरून भरून टाकू, असं मी ठरवलं. कागदावर तारीख आजची पडणार, वकील ती बघणार, हे काय मला कळत नव्हतं? पण तोंडानं 'भरलंय' म्हणता आलं असतं. मला तेवढंच हवं होतं.

भर दुपारी बारा-सव्वाबाराला मी त्याचा पासवर्ड टाकला. ओटीपी मागितला, तो माझ्या शर्टाच्या खिशात वाजला. मेलेल्या माणसाची परवानगी मीच मागत होतो आणि मीच देत होतो. आकडे भरले. शेवटच्या पानावर मजकूर आला, मी गहिनीनाथ, वरील माहिती खरी असल्याचे जाहीर करतो.

"झालं का भाऊ?"

बाकड्याकडून आलं. स्पष्ट, नेहमीच्या त्या मऊ आवाजात. आणि माझ्या तोंडून, देवाशप्पथ, सवयीनं निघालं, "झालं, झालं."

वर बघितलं तर बाकडं रिकामं. पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. खोलीत मात्र जळक्या लोखंडाचा वास भरलेला. तो मेल्यावरसुद्धा मी त्याच्याशी खोटं बोललो होतो. लॅपटॉप तसाच मिटला आणि खाली चहाच्या टपरीवर तासभर उभा राहिलो.

पुढचे तीन दिवस मी माणसात नव्हतो. फोन वाजला की उलटा करून ठेवायचो. एक दूधवाला येऊन बाकड्यावर बसायला लागला, तर मी त्याच्या अंगावर ओरडलो, तिथं बसू नका, माणूस बसलाय. तो हसला. मग माझ्या तोंडाकडं बघून उभाच राहिला.

सोमवारी ज्ञानेश्वरी आली. तिला मी माझ्या समोरची खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तिन्ही पिशव्या टेबलावर ठेवल्या.

"ताई, ही रिटर्नं भरलेलीच नाहीत. त्यानं दर वर्षी कागद दिले. मी खोटं सांगत आलो."

ती पिशवीवरच्या अक्षरावरून बोट फिरवत राहिली. मीच बोलत सुटलो. वारस म्हणून तुमच्या सहीनं भरू, टॅक्स आणि दंड माझा. कोर्टात प्रतिज्ञापत्र देतो, की ह्या पावत्या त्या-त्या वर्षी माझ्याकडं आल्या, कमाई खरी आहे, चूक माझी. कोर्ट किती मानेल ते वकील सांगतील. उद्या गावभर होईल, गिऱ्हाईक जाईल, जाऊ दे. माझ्या ओळखीच्या एका वकिलाशी फोनवर बोलून मी मजकूर लिहायलाही घेतला होता, अर्धं पान झालं होतं.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "त्यान्ला ठावं नव्हतं?"

"नाही."

"अपघाताच्या दिशी बँकेत गेल्ते," ती म्हणाली. "नव्या मशीनच्या कर्जासाठी. साहेब म्हणला, तुमचं रिटर्न दिसतच न्हाई. लई भांडले त्याच्याशी. म्हणले, रविराजभाऊंनी भरलंय म्हंजे भरलंय, तुमचं कॉम्प्युटर बिघडलंय. बँकेतनंच मला फोन केला हुता. साहेबाच्या टेबलावर कागद आणून आपटतो, म्हणत हुते."

"मग?"

"मग गाडीला किक मारली. तुमच्याकडंच निघाले हुते, भाऊ."

माझ्या हातातून पेन सुटलं. तिनं ते खालून उचललं, अर्धं लिहिलेलं पान माझ्यापुढं सरकवलं आणि पेन त्यावर ठेवलं.

"हे बी लिहा," ती म्हणाली.