फुग्यातली नावं

निरोप आला तेव्हा नझीर एका सोनेरी दाढीच्या माणसासाठी बुधा तांडेलचं चित्र काढत होता. नाक झालं होतं, तोंड राहिलं होतं. बेल्जियममधल्या एका लहान शहरात कॉमिक्सचा मेळावा होता आणि त्याच्या टेबलासमोर रांग लागली होती. मेळावा भरवणारी एल्स रांगेच्या कडेने आली, वाकून इंग्रजीत म्हणाली, "घरून फोन आहे."

ऑफिसातल्या फोनवर बासित होता, नझीरच्या बायकोचा धाकटा भाऊ. बेलापूरच्या पीसीओवरून बोलत होता.

"नझीरभाई, आपा गेली. सकाळी चहा ठेवला नि छातीत कळ आली. डॉक्टर येईपर्यंत संपलं."

"किती वाजले तिकडे?" नझीरने विचारलं. हेच का विचारलं, ते त्याचं त्याला कळलं नाही.

"दोन. ऐका, मुस्कान म्हनते अब्बांसाठी थांबू या. मोठे चाचा म्हनतात मयत थांबवायची नाय. तुमी सांगाल तसं."

परतीचं विमान परवाचं होतं.

"थांबू नका," नझीर म्हणाला. "असरच्या नमाजानंतर, पाच वाजता न्या. तळोज्याला, तिच्या अम्मीशेजारी. मुस्कानला फोन दे."

पलीकडे रिक्षांचे आवाज येत राहिले. मग बासितच बोलला, "इथंच उभी हाय. पन नको म्हनते."

एल्सने हॉटेलवर जायला सांगितलं. पण हॉटेलवर जाऊन करायचं काय, ते त्याला सुचेना. दाढीवाला अर्ध्या चित्रासमोर तसाच उभा होता. नझीर खुर्चीत बसला आणि त्याने तोंड काढलं. दीड वाजता, म्हणजे बेलापुरात पाच वाजता, त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन तो बसून राहिला. रांगेतल्या लोकांना वाटलं, म्हातारा दमला. ते थांबले. मग तो पुन्हा काढू लागला.

बुधा तांडेल हा बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा, खाडीतला म्हातारा होडीवाला. अकरा वर्षं तो एका मराठी साप्ताहिकात दर आठवड्याला दोन पानं यायचा. चित्रं नझीरची, अक्षरं त्याच्या बायकोची, सईदाची. नझीरचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, म्हणून बोलण्याचे फुगे तो रिकामे सोडायचा आणि सईदा त्यात टाकाने लिहायची. फुगे नेहमी लहान पडायचे.

"ओ मुस्कानचे अब्बा," ती ओरडायची, "मानसाला बोलायला जागा ठेवत जा ना जरा!"

"त्याला कमी बोलायला सांग."

"तुमच्यासारखा घुम्या झाला तर कोण वाचील त्याला?"

गेल्या वर्षी वाशीच्या प्रदर्शनात दोघं शेजारी बसले होते. नझीर बुधाचं डोकं काढायचा आणि सईदा फुग्यात वाचकाचं नाव घालायची. 'काय रे मितेश, जेवलास का?' असं काहीतरी. लोक हसत घेऊन जायचे. मुंबईत काही कामासाठी आलेल्या एल्सने ते पाहिलं आणि दोघांनाही बोलावलं. सईदाला विमानाची भीती वाटायची.

"वर जाऊन मरन्यापेक्षा मी खालीच बरी. तुमी डोकी काढा, मागं त्यांची नावं नि पत्ते लिहून आना. मी घरी बसून अक्षरं टाकते. मग पोस्टाने पाठवू."

म्हणून टेबलावर एल्सने पाटी लावली होती की नाव मराठीत लिहून घरपोच मिळेल. तिथल्या लोकांना त्याचंच जास्त अप्रूप होतं. फोनच्या आधी चोवीस चित्रं झाली होती. फोननंतर सतरा झाली. त्या सतरा जणांना खरं काय ते सांगायला हवं होतं. नझीरने सांगितलं नाही. पाटी तशीच राहिली आणि लोक मागच्या बाजूला विश्वासाने आपले पत्ते लिहीत राहिले.

घरी आला तेव्हा मुस्कान सासरहून येऊन राहिली होती. तिने पाणी दिलं, जेवायला वाढलं. तिसऱ्या दिवशी भात वाढताना म्हणाली, "किती लोक होते तिकडे तुमच्यासमोर?"

"बरेच होते."

"इथं अम्मीला माती द्यायला सगळं तळोजा आलं होतं. लोक विचारत होते, नझीर कुठाय. बासितमामू काय सांगणार?"

नझीर भाताकडे बघत राहिला. 'थांबू नका' हे दोन शब्द कसे तोंडातून निघाले, ते त्याला सांगायचं होतं. त्याने भात कालवला. मुस्कान दहाव्यानंतर सासरी, कामोठ्याला निघून गेली.

साप्ताहिकाचा संपादक शहाजी घरी आला. म्हणाला, "टेन्शन घेऊ नका. आता कॉम्प्युटरवर अक्षरं टाकतात. वाचकाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल," नझीर म्हणाला. बुधा तांडेल बंद झाला.

डिसेंबरात वाशीच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. नझीर गेला, ते घरी बसवत नव्हतं म्हणून. शेजारची खुर्ची मांडणाऱ्यांनी सवयीने ठेवलीच होती. दुपारी दिवाळ्याची सखू आली. ती दरवर्षी मासळी विकून झाली की रिकामी टोपली घेऊन यायची. वाचता येत नसलं तरी बुधा आपल्या गावचा, म्हणून एक चित्र न्यायची.

"बाय कुटं हाय?" तिने विचारलं.

"गेली. सप्टेंबरात."

सखूने टोपली खाली ठेवली आणि त्या खुर्चीत बसली. नझीरने चित्र काढून पुढे केलं.

"यात काय लिवलं नाय?"

"लिहिणारी नाही ना."

"र्‍हाऊ दे." सखूने चित्र टोपलीत ठेवलं. "इचारलं कोनी तं सांगीन, मानूस गेलंय घरातलं, आमचा बुधा गप बसलाय." उठताना ओरडली, "नि तू जेवत जा जरा. बोंबील झालायस निस्ता!"

जानेवारीत बेल्जियमहून पाकीट आलं. दाढीवाल्याचं होतं. पत्र सभ्य होतं. घाई नाही, पण माझं चित्र वाटेत हरवलं तर नाही ना, असं त्याने विचारलं होतं.

नझीरने फाइल काढली, सईदाचा टाक काढला, शाईत बुडवला. आधी एका जुन्या कागदावर फुगा काढून त्यात दाढीवाल्याचं नाव लिहून पाहिलं. तिसऱ्या अक्षरालाच फुगा संपला. त्याने पुन्हा लिहिलं, पुन्हा संपला. जुम्म्याला मुस्कान डबा घेऊन आली तेव्हा टेबलावर असे कागद पसरलेले होते आणि नझीर बोटांची शाई पुसत बसला होता.

तिने एकेक चित्र उचललं आणि उलटून पत्ते वाचले. मग चित्रांचे दोन गठ्ठे लावले.

"अब्बा, मामूंचा फोन आला तेव्हा कितवं चित्र चालू होतं?"

"पंचविसावं. हे दाढीवाल्याचं. का?"

"ह्या चोवीसांत बुधा बोलतोय. त्याच्यापासून पुढच्या सतरांत तोंड बंद आहे त्याचं."

नझीरने चष्मा लावला. अकरा वर्षांत त्याने बुधा मिटल्या तोंडाने कधी काढला नव्हता. तिथे काढताना त्याच्या हे लक्षातही आलं नव्हतं. त्याने सगळी सतरा चित्रं पाहिली. फुगा होता, पण ओठ घट्ट मिटलेले होते.

मुस्कान शेजारी बसली. "मला वाटलं, तुम्ही तिकडे मजेत चित्रं काढत बसलात," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने डबा उघडला. "जेवा आधी."

ती सतरा चित्रं दोघांनी दुसऱ्या दिवशी रिकाम्या फुग्यांसह पोस्टात टाकली. सोबत मुस्कानने इंग्रजीत एक ओळ लिहिली की अक्षरं लिहिणाऱ्या सईदाबाई त्या दिवशी वारल्या.

बाकीची चोवीस फाइलमध्ये आहेत. त्यांत बुधाचं तोंड उघडं आहे, त्यामुळे ती रिकाम्या फुग्यांनी पाठवता येत नाहीत. त्यांतली नावं लिहायची राहिली आहेत.