शेवटच्या रविवारची बाटली

"थांब, आधी बदरू," असं म्हणून गेणभाऊने सावळेरामच्या हातातला ग्लास काढून घेतला. "नियम म्हंजी नियम."

बदरुद्दीनने चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि ग्लास नाकाखाली धरला. तो पीत नसे. या बैठकीच्या नऊ वर्षांत एक थेंब त्याच्या जिभेला लागला नव्हता. जुन्नरच्या बाजारपेठेत त्याचं अत्तरांचं दुकान होतं, वडिलांच्या वेळेपासूनचं, आणि वासावरच त्याचं पोट चालायचं. तो फक्त हुंगायचा, काय आठवलं ते सांगायचा आणि ग्लास गेणभाऊकडे सरकवायचा. त्याच्या वाट्याची बिअर गेणभाऊ संपवी आणि दर वेळी म्हणे, "बदरूच्या पुण्याईनं मला दीडपट मिळती."

तिघेही जुन्नरच्या शाळेत एका वर्गात होते. गेणभाऊ डिंभे धरणावर गेट ऑपरेटर झाला, पाण्याकाठच्या सरकारी खोलीत एकटाच राहायचा. सावळेराम बोरी बुद्रुकच्या रस्त्यावरच्या वाईन कारखान्यात लॅबमध्ये होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एखादी बाटली घेऊन नारायणगावहून जीप, मंचरहून एसटी, एसटी चुकली तर पुन्हा जीप, असं करत डिंभ्याला यायचा. बाटलीत त्याने स्वतः केलेली बिअर असायची. दुकानात मिळते तशी नाही. मोड आणून वाळवलेल्या नाचणीची, गुळाची, कधी जांभळीच्या धुरावर शेकलेल्या जवाची. कडू आणि तेज. दोन ग्लासांत गेणभाऊची बडबड सुरू व्हायची आणि तिसऱ्यात बंद पडायची.

नियम दोनच. ज्याची बिअर त्याने शेवटी बोलायचं. आणि वास सांगायचा तो आपल्या भागातल्या वस्तूचा, पुस्तकातले शब्द बाद. त्यामुळे एक बिअर पोळ्याच्या बैलाच्या झुलीची झाली होती, एक नव्या वहीच्या पानाची, आणि एक, गेणभाऊच्या मते, 'तहसीलदाराच्या खुर्चीची'.

आजची नाचणीची होती, वाळवलेली करवंदं घातलेली. सहा आठवडे बरणीत मुरलेली, अल्कोहोल नऊ टक्के. सावळेरामने आकडे सांगून टाकले होते.

बदरुद्दीनने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग डोळे उघडून सावळेरामकडे पाहिलं आणि वास न सांगताच ग्लास पुढे सरकवला.

"गेणू, तू घे."

गेणभाऊने हुंगलं. त्याच्या मिशा थोड्या हलल्या. एक घोट घेतला, डोळे मिटले आणि मान डोलावली.

"वा! मोगरा. लग्नाच्या मांडवातला मोगरा, राव."

आता सावळेरामची पाळी. त्याने ग्लास नाकाशी नेला, मनात तीन आकडे मोजले, घोट घेऊन तोंडात फिरवला. जिभेच्या कडांना आंबट लागलं. करवंदं, त्याने ठरवलं.

"मोगरा म्हणता येईल," तो म्हणाला. "पण मागनं येतो. हलका."

गेणभाऊ हसायला लागला होता. ते हसू मध्येच थांबलं. त्याने बदरुद्दीनकडे पाहिलं. खालून कुणीतरी होडी वाळूवर ओढत होतं, तेवढाच आवाज खोलीत आला.

"सावळे," बदरुद्दीन हळू म्हणाला, "नासक्या लोण्याचा वास येतुय तिला. तू बूच काढलंस तवाच खोलीभर झाला."

सावळेरामने ग्लास खाली ठेवला.

"आमी वाट बघत व्हतो, तू कवा शिव्या घालतोस त्याची," गेणभाऊ म्हणाला. "नासली की तूच पयला बोंबलतोस न्हेमी. म्हनून म्या आपली गंमत..."

"कधीपासनं?" बदरुद्दीनने विचारलं.

"फेब्रुवारीत सर्दी झाली व्हती. सर्दी गेली."

"आन आमाला आता सांगतुस? दिवाळी झाली की रं!" गेणभाऊ म्हणाला.

"पुण्याला दाखवून आलो. डॉक्टर म्हणले, येईल. न्हाई बी येणार."

"वहिनीला?"

सावळेरामने नाही अशी मान हलवली. कुशाबाईला त्याने सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात एका सकाळी तो ओट्यापाशी उभा राहून पेपर वाचत होता, आणि शेजारी दूध करपून काळं झालं. ती अंगणातून धावत आली, गॅस बंद केला आणि त्याच्याकडे बघत राहिली. लक्ष नव्हतं, तो म्हणाला. त्या दिवसापासून तिने दूध त्याच्या भरवशावर ठेवलं नाही.

जीभ शाबूत होती. गोड, आंबट, खारट, कडू एवढं जिभेचं काम, बाकीचं सगळं नाकाचं, हे तो नव्या माणसांना वर्षानुवर्षं शिकवत आला होता. ते किती खरं आहे हे त्याला आता कळलं. यंदा आंबा गोड होता आणि थोडा आंबट होता. आंबा नव्हता.

"गुरुवारचं काय करनार?" गेणभाऊने विचारलं.

गुरुवारचं दोघांना ठाऊक होतं, कारण दसऱ्यापासून सावळेराम दुसरं काही बोलत नव्हता. कारखान्याचे मालक बिअरचा छोटा विभाग काढणार होते. वेगळ्या, तेज चवींची बिअर, थोडी थोडी करून. सहा नमुने तयार होते. बंगळुरूहून एक जाणकार येणार होते, आणि त्यांच्यासमोर चव घेऊन नमुने निवडले की सावळेराम त्या विभागाचा प्रमुख व्हायचा होता. तेवीस वर्षांपूर्वी तो या कारखान्यात परीक्षानळ्या धुवायला लागला होता. हल्ली मालक पाहुण्यांना लॅब दाखवताना म्हणत, "मशीन बंद पडलं तर चालेल, पण आमच्या सावळेरामला सर्दी होता कामा नये." पाहुणे हसत. सावळेरामही हसे.

"जाईन," तो म्हणाला.

"आन काय हुंगशील? मोगरा?" गेणभाऊ चिडून म्हणाला, आणि लगेच त्याने सावळेरामच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आरं, बदरू हाय की. तू नमुनं त्याच्याकडं ने. त्यो हुंगंल, तू पाठ कर. शाळेत सनावळ्या नव्हतो का पाठ करत?"

"सनावळ्यांत तू नापास झाला व्हतास," बदरुद्दीन म्हणाला.

"म्या झालो. सावळ्या पयला आला व्हता."

बुधवारी दुपारी सावळेराम जुन्नरला गेला. सहा छोट्या कुप्या, झाकणावर आकडे. बदरुद्दीनने दुकानाचं एक शटर खाली ओढलं आणि कागदाच्या पट्ट्या बुडवून एकेक हुंगली. मध्ये मध्ये तो स्वतःच्या शर्टाची बाही नाकाला लावी. असं केलं की नाक पुन्हा कोरं होतं, तो म्हणे.

"एक नंबर, भाजलेला हरभरा. दोन, संत्र्याची साल, वाळलेली. तीन, गाभुळलेली चिंच. चांगली हाय ही, सावळे. मनापासनं चांगली." चौथी त्याने चिलमीची सांगितली, सहावी लवंगेची. पाचवीला कपाळावर आठी पडली. "ही नको. ओलं झालेलं पुस्तक. कोंदट."

सावळेरामने सगळं लिहून घेतलं. निघताना बदरुद्दीन म्हणाला, "पाठ तर होईल रे. पण गुरुवारनंतर शुक्रवार असतो."

नारायणगावच्या जीपमध्ये दोन टोमॅटोवाल्यांच्या मधे बसून सावळेराम ओठ हलवत राहिला. हरभरा, संत्रं, चिंच, चिलीम, पुस्तक, लवंग.

गुरुवारी बंगळुरूचे पाहुणे लॅबमध्ये आले. शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ. त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगून ग्लास स्वतः भरले, क्रम बदलला आणि आकड्यांच्या जागी अक्षरं लावली. कोणत्याही लॅबमध्ये असंच करतात. सावळेरामने स्वतः शंभरदा केलं होतं. फक्त ते आपल्यावर होईल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो टेबलाशी उभा राहिला. मालक होते, पाहुणे होते, आणि लॅबमधली आरती होती, तीन वर्षांपूर्वी एम.एस्सी. होऊन आलेली.

त्याने जिभेवर भिस्त ठेवली. सर्वांत कडू ती दोन नंबर. संत्र्याची साल, तो म्हणाला. पाहुण्यांनी मान डोलावली. दाट आणि गोडसर ती एक, भाजलेला हरभरा. मालकांनी पाहुण्यांकडे अभिमानाने पाहिलं. फेस तग धरतो ती सहा, काळपट ती चार. बरोबर.

दोन ग्लास उरले. एकात चिंच होती, एकात ओलं पुस्तक. दोन्हींचा रंग एकच, कडवटपणा एकच, आंबटपणा एकच. त्यांची घनता त्याने स्वतः मोजली होती, तीही तीच होती. त्याने डावा घेतला, उजवा घेतला. पुन्हा डावा घेतला.

"यातला एक वगळायचाय," पाहुणे म्हणाले. "कोणता, तुम्ही सांगा."

पन्नास टक्के. एवढी संधी वाईट नव्हती. उजवा, त्याच्या मनात आलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. पूर्वी तो लॅबमध्ये मुलांना बजावत असे, डोळ्यांनी न पाहिलेलं रीडिंग लिहायचं नाही, मग माझा बाप येऊन सांगो. गेले आठ महिने तो तेच लिहीत होता.

मालक थांबले होते. त्यांच्या चेहऱ्यावर शंकेचं नावही नव्हतं.

"साहेब," सावळेराम म्हणाला, "मला वास येत नाही."

मालक हसले. "झाली का शेवटी सर्दी?"

"सर्दी फेब्रुवारीत झाली होती."

हसू उतरायला वेळ लागला. "मग फेब्रुवारीपासून जो माल तुम्ही पास केलात..."

"आरती मॅडम हुंगायच्या. त्या बोलल्या की मी बोलायचो. आकडे मात्र माझे आहेत. ते बरोबर आहेत."

आरतीने मान खाली घातली होती. मालकांनी तिला खूण केली. तिने डावा ग्लास हुंगला, उजवा हुंगला, पुन्हा डावा हुंगला आणि तो बाजूला ठेवला.

"हा," ती म्हणाली. "कोंदट आहे."

सावळेरामने मनात उजवा धरला होता.

त्याला कुणी काढलं नाही. मालक भले गृहस्थ होते. पुढच्या सोमवारपासून त्याला बाटल्यांच्या विभागात बसवलं. तिथे पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून धुतलेल्या रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून जात, आणि त्यांतली तडा गेलेली किंवा तळाला काही राहिलेली बाटली उचलून बाजूला ठेवायची. दर अर्ध्या तासाने माणूस बदलायचा, कारण डोळे थकतात आणि बाटली दिसूनही दिसत नाही. त्या अर्ध्या तासात कुणी बोलत नसे. कुशाबाईला त्याने गुरुवारी रात्रीच जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "दुधाच्या दिवशीच कळलं व्हतं मला." आणि भाकरी वाढली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी तो डिंभ्याला जाणार नव्हता. सकाळी दहाला बदरुद्दीन बोरीत त्याच्या दारात उभा राहिला, आयुष्यात दुसऱ्यांदा.

"चल. गेणू येड्यावानी वाट बघत बसलाय."

"बाटली न्हाई माझ्याकडं."

"त्यानं आणलीया."

गेणभाऊच्या पुतण्याने पुण्याहून आणली होती. परदेशातली, काळीभोर, झाकणावर मेण लावलेली. गेणभाऊने ते मेण विळीवर काढलं आणि बोट कापून घेतलं.

बदरुद्दीनने चष्मा वर केला. खूप वेळ हुंगलं. मग बोलायला लागला, आणि नऊ वर्षांत बोलला नव्हता इतकं बोलला. गुऱ्हाळाची कढई, तळाला लागलेली. तिच्यामागे चपलेचं नवं कातडं. मग खारीक, मग पाऊस पडून गेलेला कोळसा. तो सावळेरामकडे बघून सांगत होता, शब्द शोधून, सावकाश, वाटेतले खड्डे दाखवावेत तसं.

"बास की," गेणभाऊ म्हणाला. "पुरान लावलंय निस्तं. गरम झाली ती." त्याने घोट घेतला, आणि या वेळी विनोद केला नाही. "कोळसा हाय खरा."

सावळेरामने ग्लास उचलला. सवयीने नाकाशी नेला. मग खाली घेऊन सरळ घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला.

"कडू," तो म्हणाला.

"आन?"

"गार."

गेणभाऊने खिडकीबाहेर पाहिलं. खाली पाणी उतरायला लागलं होतं. काठाला चिखलाची पट्टी उघडी पडली होती.

"आन?"

"आन काय न्हाई."

"हाय खरी कडू," गेणभाऊ म्हणाला.

त्यांनी बाटली संपवली. बदरुद्दीनच्या वाट्याची गेणभाऊने अर्धी सावळेरामच्या ग्लासात ओतली, आणि दीडपटीचं काही बोलला नाही. साडेचारची एसटी गाठायची म्हणून सावळेराम उठला, नळाखाली तिन्ही ग्लास विसळले आणि एकेक खिडकीच्या उजेडात धरून बोटांनी सावकाश फिरवला. तिसऱ्यापाशी हात थांबला.

"ह्याला तडा हाय. ह्यात पिऊ नको."

गेणभाऊने ग्लास घेऊन बघितला. "कुटं? चांगला तर हाय."

बदरुद्दीनने चष्मा नाकावर ओढला, ग्लास डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. त्यालाही काही दिसेना.

सावळेरामने बदरुद्दीनचं बोट धरलं आणि काठाखाली, त्या केसाएवढ्या रेघेवर टेकवलं.