दूरची बातमी

रेडिओवरच्या बाईनं नदीपलीकडच्या लिरेमा गावाचं नाव घेतलं आणि मावाद्री सरांनी झटकन आवाज बंद केला.

"सेल संपले," ते म्हणाले.

सेल त्यांनी सोमवारीच नवे घातले होते आणि ते दुकानातून आणून दिले होते सोकिरीनं. सोकिरी म्हणजे वर्गातला तोंडाळ पोरगा, सर शिंकले तरी त्यावर त्याचं काहीतरी ठरलेलं असायचं. आज तो बाकाच्या फटीत काडी खुपसत बसला होता. सगळा नववीचा वर्ग तसाच. जो तो कुठेतरी बघत होता, फक्त तिसऱ्या बाकावरच्या किदेनकडे कोणी बघत नव्हतं. पोरांना सगळं माहीत आहे, हे सरांनी ओळखलं.

माहीत नसायला काय झालं? आमच्या निर्वासितांच्या छावणीत कोणाच्या घरी आज तेलाची नवी बाटली उघडली तेसुद्धा संध्याकाळपर्यंत पाण्याच्या पंपावर पोचतं. आणि ही तर लिरेमाची बातमी. इथला शिधा निम्म्यावर आणल्यापासून बरीच माणसं गुपचूप नदी ओलांडून आपल्या जुन्या शेतात चार दाणे टाकून यायची आणि पिकलं की जाऊन कापून आणायची. यंदा कापणीतच बंदूकवाले आले. घरं पेटवली, सापडेल त्याला मारलं. किदेनची आई तिकडेच होती. तिला ज्यानं पुरलं त्यानंच फोन करून तिच्या भावाला, लोदूमामाला, सांगितलं. मग छावणीला कळलं, शाळेला कळलं. किदेनला मात्र कोणी सांगितलं नाही.

सांगायचा मान मामाचा होता. मान म्हणा नाहीतर शिक्षा म्हणा. किदेनचा बाप ती लहान असतानाच गेलेला, त्याच्याकडचं इथं कोणी नाही. आणि आमच्यात मरणाची बातमी अशी येताजाता कोणी देत नाही. घरातल्या मोठ्या माणसानं जवळ बसवायचं, पोटात दोन घास जाऊ द्यायचे, मग सांगायचं. तोवर त्या घरात कोणी रडायचं नाही. एकदा सांगितलं की रडणं सुरू. रडणं सुरू झालं की माणसं येणार, चटया पडणार, आणि आलेल्यांना काही दिवस खायला घालावं लागणार. लोदूमामाच्या डब्याचा तर तळ दिसत होता.

म्हणून मामा आदल्या आठवड्यात शाळेत आला होता. उन्हातून चालत आला, पण पाणी घेतलं नाही, खुर्चीत टेकला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून बाकाच्या कडेला ताठ बसला आणि म्हणाला, वाटप लांबलंय, पीठ हातात आलं की मी पोरीला सांगतो, तोवर शाळेत तिच्या कानावर काही जाऊ देऊ नका. तुमच्या त्या बातम्यांच्या तासाचं तेवढं बघा. सरांनी शब्द दिला. बहीण तुमची होती, तुम्हाला कसं वाटतंय, हे विचारायचं त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर विचारायला जागाच नव्हती.

बातम्यांचा तास ही सरांचीच खटपट. दर गुरुवारी जेवणानंतर. सर नदीच्या अलीकडचे, इथल्याच मादी जमातीचे. त्यांच्या आईबापांनी एकेकाळी हीच नदी उलट्या बाजूनं ओलांडून पलीकडे आसरा घेतला होता. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या पोरांवर बातम्या होतात, आपल्या पोरांसाठी लांबची माणसं विचार करतात, आपली पोरं मात्र नुसती ताटली पुढे करतात. तर त्यांनीही दुसऱ्याच्या दुःखाचा विचार करून बघावा. मग रेडिओ ऐकायचा किंवा ज्याची पाळी असेल त्यानं बातमी आणायची, आणि सरांचे प्रश्न ठरलेले. काय झालं? कोणाचं काय गेलं? त्यांना आज काय लागेल? आपण काय करू शकतो?

यात एकच नियम होता. बातमी दूरची हवी, स्वतःची आणायची नाही. सुरुवातीला हा नियम नव्हता. तेव्हा एका मुलानं उभं राहून आपल्याच घराचं सांगितलं आणि अर्धा वर्ग उठून बाहेर गेला. काहीजण तर दोन दिवस शाळेत फिरकले नाहीत. मुख्याध्यापिका बाईंनी सरांना चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हापासून दूरचेच पूर, दूरचेच भूकंप. पोरं त्यात इतकी तयार झाली, की कुठलीही आपत्ती आणा, ती पाढे म्हटल्यासारखी म्हणायची: ताडपत्री, पाणी, गोळ्या, संडास. कुणाचा आवाज हलायचा नाही. एकदा कुठल्याशा बेटावर वादळ झालं तर सोकिरी म्हणाला होता, "सर, त्यांना निरोप द्या, मदतीचा राजमा आदल्या रात्रीच भिजत घाला म्हणावं. नाहीतर वादळ परवडलं." वर्ग हसला होता, सरही हसले होते. घरी गेल्यावर मात्र त्यांना वाईट वाटलं. ही पोरं विचार करायला शिकली की वाईट वाटायचं विसरली, हे त्यांना कळेना.

तर त्या गुरुवारी रेडिओ बंद करून सर म्हणाले, आज मी एक पुराची बातमी आणली आहे, तीच घेऊ.

किदेन उभी राहिली.

"सर, आज माझी पाळी आहे. मी आणलीय बातमी."

"पुढच्या वेळी घेऊ तुझी."

"छोटीच आहे."

आणि ती सांगायला लागली. हात मागे बांधलेले, नजर फळ्यावर. एका गावात कापणी चालली होती. दुसऱ्या देशात राहणारी माणसं कापणीसाठी आपल्या गावी आली होती. बंदूकवाले आले. घरं जाळली. आवाज असा की दळण आणायला सांगतेय. शेजारच्या आसुंतानं डोकं बाकावर टेकवलं.

सर पुढे झाले. थांबवायचं तर कारण तयार होतं, नियमच तसा होता. पण 'ही आपली बातमी आहे, खाली बस' असं म्हणायचं तर पोरीला सांगूनच टाकल्यासारखं, आणि मामाला दिलेला शब्द मोडला. आणि 'चालू दे, दूरचीच आहे' म्हणायचं तर कोणत्या तोंडानं? आपणच घातलेल्या कुंपणात सर सापडले होते.

किदेन थांबली. तिनं सरांकडे बघितलं.

"ही दूरची आहे ना, सर?"

बाहेर आंब्याखाली पहिलीची पोरं ओरडत होती. पोरीला माहीत आहे, हे सरांना लख्ख दिसलं. कधीपासून, ते देव जाणे. ती तोंड मिटून शाळेत येतेय, गणितं सोडवतेय, आणि आपण सगळे तिच्यासमोर चोरासारखे वागतोय. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"सांग," एवढंच ते म्हणाले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

आसुंतानं डोकं वर केलं आणि विचारलं, कोणाचं काय गेलं?

"घरं गेली. पीक गेलं," किदेन म्हणाली. "एका मुलीची आई गेली."

"ती मुलगी वाचली?" कोणीतरी विचारलं.

"ती तिथं नव्हती. शाळेत होती."

"तिला माहीत आहे?" हे सोकिरीनं विचारलं. काडी अजून त्याच्या हातात होती.

"आहे. पंपावर बायका तिला पुढे करायला लागल्यात. पाण्याच्या रांगेत कोणी कोणाला उगाच पुढे करत नाही."

तिसरा प्रश्न सरांनीच विचारला. विचारायचा म्हणून नाही, तोंडातून निघून गेला. तिला आज काय लागेल? एरवी या प्रश्नाला उत्तरांची झुंबड उडायची. आज ताडपत्रीचं नाव कोणी काढलं नाही.

"घरच्यांनी तिला सांगायला हवं," किदेन म्हणाली.

"माहीत आहे ना तिला?" आसुंतानं विचारलं.

"माहीत असून काय करायचं? सांगितल्याशिवाय रडायला बसता येत नाही. ती रोज उठते, भांडी घासते, शाळेत येते. तिला काही वाटत नाही."

"मग सांगत का नाहीत?"

हे विचारणारा पोरगा नवा होता, तरी त्यालाही ठाऊक असणार. उत्तर सोकिरीनं दिलं. "पीठ नाही. माणसं आली तर घालणार काय?"

आता चौथा प्रश्न उरला होता. या प्रश्नावर आमचा वर्ग नेहमी हसायचा, आपण काय करू शकतो म्हणे, आपणच दुसऱ्याचं खातोय. सर तो विचारणारही नव्हते. पण आसुंता म्हणाली, आमच्याकडून एक मगभर होईल. मागून कोणी म्हणालं, आमच्याकडून अर्धा. मग एकेक जण बोलत गेला. हसणं नाही, रडणं नाही, हळहळणं नाही. पीठ कशातून आणायचं, मोठं पातेलं चर्चमधून मिळेल का, शनिवारी सकाळी न्यावं की दुपारी. राजमा शुक्रवारी रात्रीच भिजत घालायला लागेल, असं सोकिरी म्हणाला, आणि या वेळी तो थट्टा करत नव्हता. नाव कोणी घेतलं नाही. त्या मुलीच्या घरी, त्या मुलीच्या मामाकडे, असंच चाललं होतं.

"तिच्याकडे चूल एकच आहे," किदेन म्हणाली. "तीन दगड आणखी लागतील."

शनिवारी पोरं सरांबरोबर मग, वाट्या, प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन लोदूमामाच्या अंगणात शिरली तेव्हा मामा छपराचं गवत नीट करत होता. आधी तो भडकलाच. माझ्या नावानं भीक मागायला पोरांना कोणी पाठवलं, म्हणून सरांवर खेकसला. सरांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, कोणी पाठवलं नाही, वर्गात एका घराची बातमी निघाली होती, त्यांनी त्या घरासाठी आणलंय. मामा पोत्यावरच्या पिठाच्या ढिगाकडे बघत राहिला. पीठ येताच सांगेन असं त्यानं आठवडाभर स्वतःला बजावलं होतं. आता पीठ आलं होतं आणि त्याला सांगवत नव्हतं. पीठ नव्हतं हे खरंच होतं, पण बहीण गेली हे एकदा तोंडानं म्हटलं की ती खरोखरच जाणार होती.

दोन चुली पेटल्या. बायका न बोलावता आल्या आणि लांबवर बसल्या, अजून काही झालेलं नसल्यासारख्या. मक्याच्या पिठाचा पोशो शिजल्यावर मामानं किदेनला हाक मारली, चटईवर समोर बसवलं, गरम गोळा आणि वर राजमा वाढून वाडगा पुढे केला. तिनं दोन घास खाल्ले. मामा थांबला. तिनं तिसरा खाल्ला.

मग त्यानं सांगितलं. आईचं पूर्ण नाव घेतलं, तिच्या बापाचं नाव घेतलं, आणि ती लिरेमात, आपल्याच शेतात, गेली असं सांगितलं.

किदेननं विचारलं, कधी. तो म्हणाला, कापणीत. तिनं विचारलं, पुरलं कोणी, कुठं पुरलं, जवळ कोणी होतं का, ती काही बोलली का. तिनं हे सगळं आत्ताच कानावर पडल्यासारखं एकेक करून विचारलं, आणि मामानंही एकेक करून उत्तर दिलं. सोकिरी, आसुंता आणि बाकीची पोरं झाडाखाली मान खाली घालून बसली होती. सगळ्यांना ऐकू येत होतं. एकानंही वर बघितलं नाही.

बायकांनी हंबरडा फोडला. अंगणात एकच आकांत झाला. किदेनचे डोळे कोरडेच होते. गुरुवारी वर्गात होते तसेच. सरांना वाटलं, आता तरी, आता तरी. पण तिचं लक्ष मामाकडे होतं. तो गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता. फोन आला त्या दिवसापासून तो असाच बसत होता, असाच चालत होता, शाळेत आला तोही असाच. पाठची बहीण गेली होती त्याची, आणि भाचीला सांगितलेलं नव्हतं म्हणून त्यानं घरात एकदाही डोळ्याला हात लावला नव्हता.

किदेन चटईवरून सरकत त्याच्याजवळ गेली. त्याचे गुडघ्यांवरचे हात तिनं आपल्या हातात घेतले.

"मामा, झालं तुझं सांगून," ती म्हणाली. "आता तू रड."