बाबांच्या खुर्चीची नवी गादी

माझे वडील माझ्या घरी राहायला आले आणि त्यांनी तक्रार करणं सोडून दिलं. हे ऐकून कुणालाही वाटेल, काय नशीबवान बाई आहे. असं वाटणारी माणसं माझ्या वडिलांना ओळखत नाहीत.

बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांच्या तराजूंत खोट काढण्यात गेला आणि संध्याकाळी घरी आल्यावरही ती सवय काही सुटत नसे. कॅलेंडर वाकडं, भाजी खारट, माझा भांग एका बाजूला सरकलेला. आई त्यांना तक्रारमास्तर म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि ते त्याचीही तक्रार करायचे. आई गेल्यावर ते त्या घरात एकटेच राहिले. मग एके सकाळी जिन्यावरून पडले आणि शेजाऱ्यांना हाक ऐकू जाईपर्यंत तिथेच पडून राहिले. किती वेळ, ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. पाय बरा झाल्यावर मी त्यांना त्या घरी सोडलंच नाही, सरळ इकडे घेऊन आले. सोबत कपड्यांची एक बॅग आणि त्यांची खुर्ची.

इकडे आल्यापासून सगळं छान. चहा छान, खोली छान, उशी छान. पंखा खडखडतो का विचारलं, तर "छे गं, छान वारा येतो." पाहुणा बोलतो तसं बोलत होते. आणि पाहुणा म्हटला की तो कधी ना कधी जाणारच. "महिनाअखेरीला मी निघतो गं," ते एक दिवस म्हणाले. "तुमच्यावर किती दिवस भार टाकायचा." मला तो जिना आठवला, पण भांडायचं कुणाशी? पाहुण्याशी भांडता येत नाही.

त्यात माझा नवरा. हा नकाशे काढण्याच्या कचेरीत काम करतो. मुळातच सज्जन, आणि सासऱ्यांसमोर तर सज्जनपणाचा कहर. बाबा खोलीत आले की हा उठून उभा राहतो. हा उभा म्हणून बाबा बसत नाहीत. बाबा बसत नाहीत म्हणून हा बसत नाही. "जावईबापू, बसा ना." "नाही बाबा, आधी तुम्ही." आमच्याकडे रोज संध्याकाळच्या बातम्या दोन माणसं उभ्याने पाहत होती, आणि मी सोफ्यावर आडवी पडून त्या दोघांना पाहत होते.

तर ती खुर्ची. लाकूड भक्कम, पण बसायच्या गादीचं रेक्झिन फाटलेलं. बाबा उठले की आतल्या फोमचा पिवळा भुगा जमिनीवर सांडायचा आणि ते गुपचूप पायाने तो खुर्चीखाली सारायचे. स्वतःच्या घरी असते तर फोमच्या कंपनीला शिव्या दिल्या असत्या. ते रेक्झिन आईने घरीच चढवलं होतं. त्याचा एक कोपरा फुगलेला होता आणि त्या कोपऱ्याबद्दल बाबा तिला वर्षानुवर्षं ऐकवत त्याच खुर्चीत बसत आले.

मी ठरवलं, ही गादी नवी करायची. खुर्ची नीट झाली की माणूस टिकेल, असा माझा आपला हिशेब. कारागिराकडे द्यायची माझी हिंमत नव्हती. खुर्ची घराबाहेर पडली तर मागोमाग बाबाही बाहेर पडतील, अशी धास्ती होती. म्हटलं, घरीच करू. नवऱ्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि एका झटक्यात त्याचा आत्मविश्वास गगनाला भिडला.

कापड निवडताना बाबांना विचारलं. "तुम्हाला आवडेल ते घ्या," बाबा म्हणाले. "नाही, तुम्हाला आवडेल ते," नवरा म्हणाला. या दोघांच्या भरवशावर राहिले असते तर खुर्ची उघडीच राहिली असती. शेवटी मीच निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं जाड कापड आणलं. फोम आणायला नवरा गेला. फोमवाल्याने विचारलं, बसणार कोण? हा म्हणाला, सासरे. त्यावर फोमवाल्याने दुकानातला सगळ्यात जाड तुकडा काढला आणि याने तो मुकाट्याने घेतला.

रविवारी सकाळी हॉलमध्ये चादर पसरून काम सुरू झालं. खुर्ची उलटी केली, खालचे स्क्रू काढले, गादीची फळी सुटी झाली. मग जुन्या पिना उपसायच्या. स्क्रूड्रायव्हरने एकेक पिन उचकटायची आणि पक्कडीने ओढायची. याला इतका वेळ लागला की नवऱ्याचा आत्मविश्वास गगनातून खाली आला. बाबा समोर उभे राहून पाहत होते. हाताची घडी घातलेली, ओठ गच्च मिटलेले. पक्कड चुकीची धरली की त्यांचा डावा गाल उडत होता. ते बोलतील म्हणून मी मुद्दाम एक पिन वाकडी ओढली. "छान जमतंय," बाबा म्हणाले, आणि खोलीत निघून गेले.

मग फोम बसवला. नवरा कात्री शोधायला आत गेला, तेव्हा मी फोमखाली एक जुनी मऊ गोधडी दुमडून सरकवली. म्हातारं माणूस, हाडं टोचतात, जरा मऊ लागू दे. ही गोष्ट मी त्याला सांगितली नाही, कारण तो नकाशेवाला, मापाबाहेर काही चालत नाही त्याला. नंतर मी फोन घ्यायला उठले, तेव्हा या मापवाल्याने फोमचा उरलेला तुकडा आणखी एक थर म्हणून वर ठेवला. तोही बोलला नाही. सासऱ्यांसाठी कमी पडायला नको, एवढाच त्याचा विचार. कापड ताणताना आम्ही दोघंही मनातल्या मनात म्हणत होतो, इतकं का फुगतंय हे.

कापड ठोकायचं कसं, तर आधी चारही बाजूंना मधोमध एकेक पिन, मग दोन्हीकडे सरकत कोपऱ्यांपर्यंत. व्हिडिओतली बाई हे दोनदा सांगते. नवऱ्याने आधी एक अख्खी बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून टाकली आणि मग समोरून जीव खाऊन ओढलं. मी फळीवर गुडघे रोवून बसले होते, तो स्टेपलर चालवत होता. फळी खुर्चीत परत बसेना, तेव्हा आम्ही दोघं तिच्यावर आळीपाळीने बसलो. शेवटी स्क्रू लागले आणि आम्ही खुर्ची सरळ करून लांबून पाहिली.

पट्टे तिरके गेले होते. थोडेथोडके नाहीत. डाव्या पायाशी निघालेला पट्टा उजव्या हाताशी पोचत होता. आणि खुर्चीवर गादी होती की बाळंतविडा बांधून ठेवला होता, ते कळत नव्हतं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मला तर आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ज्या माणसाने एका फुगलेल्या कोपऱ्यावरून माझ्या आईचं डोकं खाल्लं, तो हे पाहून गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी बाबांना हाक मारली.

बाबा आले. खुर्चीकडे पाहिलं. पट्ट्यांवरून त्यांची नजर तिरकी फिरत गेली, तिच्यामागून मानही गेली. मग ते पाठमोरे झाले, टाचा उंचावल्या, हातांवर जोर देऊन स्वतःला वर घेतलं आणि बसले. पाय जमिनीला टेकेनात. दोन्ही चपला गळून खाली पडल्या आणि बाबा शाळेतल्या पहिलीच्या पोरासारखे लोंबते पाय घेऊन समोर पाहत राहिले.

"उत्तम झालीय," ते म्हणाले. "जावईबापू, फार कष्ट घेतलेत."

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून रडले. संपलं, असं वाटलं. हा माणूस आता माझ्या घरी कधीच राहणार नाही. हसतमुखाने निघून जाईल आणि त्या जिन्यावर पुन्हा कधीतरी पडेल.

दुपारी जेवायला बसलो. बाबांनी खुर्ची टेबलाशी ओढली, तर गुडघे टेबलाखाली जाईनात. ते तिरके बसले आणि हात लांब करून ताटातलं उचलू लागले. नवऱ्याला ते पाहवेना. तो उठला, बाथरूममधला स्टूल धुऊन पुसून आणला आणि बाबांच्या पायांखाली दिला. "छान," बाबा म्हणाले. पायांची सोय झाली, पण गुडघे आणखी वर आले. नवरा पुन्हा उठला.

"आता कुठे?" मी विचारलं.

"आलोच," म्हणून तो आतल्या खोलीत गेला. आमच्या पलंगाखाली उंचीसाठी लाकडी ठोकळे लावलेले आहेत. ते काढून तो घेऊन आला. मला म्हणाला, "टेबल जरा उचल." मी उचललं. मला तरी कुठे सुचत होतं. त्याने टेबलाच्या चारही पायांखाली ठोकळे सरकवले. बाबांचे गुडघे आत गेले. मग आम्ही दोघं आपापल्या खुर्च्यांवर बसलो आणि टेबल आमच्या हनुवटीला लागलं.

काही वेळ सगळे जेवत होते. नवरा मान उंचावून, हात खांद्यापर्यंत वर नेऊन सूप पीत होता. चमचा वाटेतच रिकामा होत होता. मी ताटात काय आहे ते न दिसता जेवत होते. बाबांना आमची फक्त डोकी दिसत असणार. ते कधी या डोक्याकडे पाहत होते, कधी त्या. त्यांचा डावा गाल उडू लागला.

"अजून थोडं उंच हवं असेल तर सांगा, बाबा," नवरा टेबलामागून म्हणाला. "विटा आहेत गच्चीवर."

बाबांनी चमचा ठेवला.

"अरे शहाण्या," ते म्हणाले, "खुर्ची उंच झाली म्हणून टेबल उंच करतात का? उद्या छत वर उचलशील. ही काय गादी आहे? गाडीच्या टपावर बसल्यासारखं वाटतंय मला. खाली उतरायचं म्हणजे शिडी लागेल. आणि हे पट्टे. नकाशे काढतोस ना तू? तुझ्या नकाशातले रस्ते असेच जातात का?"

नवऱ्याचा चमचा हवेतच थांबला. त्याला आजवर सासऱ्यांनी "अहो जावईबापू" खेरीज हाक मारली नव्हती. मी त्याच्या पायावर पाय ठेवला, आता याने माफी मागितली की सगळं मुसळ केरात. पण तोही सकाळपासून पिना उपसून वैतागलेला होता.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" तो म्हणाला. "सकाळी समोर उभे राहून छान जमतंय म्हणालात. उत्तम झाली म्हणालात."

"तू विचारलंस का? पट्टे बघूनच कळतं. एक बाजू पूर्ण ठोकून मग दुसरी ओढतात? डोकं कुठे ठेवलं होतंस?"

"मी ओढत होतो आणि ही फळीवर बसून गप्पा मारत होती."

"तिचं सांगूच नकोस. चहा करते की गरम पाणी, मला दोन महिने कळलेलं नाही." बाबा आता माझ्याकडे वळले. "तो पंखा. रात्रभर मालगाडी चालल्यासारखा आवाज. दाराची कडी ढिली. नळ गळतोय तो निराळाच, त्याच्याखाली बादली ठेवून तुम्ही मोकळे. उशी म्हणजे दगड आहे दगड."

मी टेबलाच्या काठावर हनुवटी टेकून ऐकत होते. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. लहानपणी या आवाजाने माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि आता तो थांबू नये म्हणून मी श्वास रोखून बसले होते.

जेवण तसंच राहिलं. दोघांनी खुर्ची पुन्हा उलटी केली. पिना काढताना बाबांनी पक्कड नवऱ्याच्या हातातून हिसकावून घेतली, नवऱ्याने ती परत हिसकावली. कापड निघालं, पहिला फोम निघाला, दुसरा निघाला. त्याच्याखालून माझी गोधडी निघाली. दोघं माझ्याकडे पाहू लागले.

"तूसुद्धा," बाबा म्हणाले. "मी गादीवर बसत होतो की तुमच्या मायेच्या गाठोड्यावर?"

मी ठरवलं, आता विचारायचंच. हात पुसत पुसत म्हटलं, "मग बाबा, महिनाअखेरीला जायचं नक्की ना? बॅग भरायला घेऊ?"

ते जमिनीवर बसले होते. शेजारी माझा नवराही बसला होता, आणि दोघांपैकी कुणाच्याच ते लक्षात आलेलं नव्हतं. बाबांनी तोंडात धरलेली पिन काढली.

"वेडी आहेस का तू?" ते म्हणाले. "खुर्ची उंच झाली म्हणून टेबल ठोकळ्यांवर चढवणारी माणसं तुम्ही. तुमच्या भरवशावर हे घर सोडून मी जाऊ कसा?"

मी आत गेले आणि दुसऱ्यांदा ओट्याला टेकून रडले. चांगली मनसोक्त रडत होते, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"रडून झालं की गॅसकडे बघ. करपल्याचा वास येतोय, कुणाचं लक्ष नाही या घरात."

मघाशी चहासाठी ठेवलेलं दूध खरंच उतू गेलं होतं.